कुणालाच शक्य नव्हतं

मोसरॉइट, ११ मार्च १९७४

ग्रेगोर,

तुझं पाकीट शनिवारी आलं. गावच्या पोस्टात मीच बसते म्हणून बरं, नाहीतर तिकिटावरची कॅनडाची राणी बघूनच कुणीतरी वाफेवर धरून उघडलं असतं. नाताळची कार्डं सोडली तर तू मला काही लिहीत नाहीस. बाबा गेले तेव्हा केलेल्या तारेलाही उत्तर नाही. आणि आता एकदम वर्तमानपत्राचं कात्रण! "भावी बिशप हिटलरच्या गणवेशात." खाली फोटो देणारा म्हणून तुझं नाव, मुक्काम किचनर, कॅनडा.

मला एकदा विचारायचं तरी होतंस.

फोटो आपल्याच घरातला आहे. तू गेलास त्या दिवशी डब्यातून काढून नेलास हे मला तेव्हाच कळलं होतं. पण छापलाय अर्धाच. उजवीकडे विमानविरोधी तोफेपाशी कॉर्बी राइटमायर उभा आहे, सोळा वर्षांचा, कान पसरलेले, टोपी कपाळावर आलेली. डावीकडे चाकाला टेकून आपला सेवेरिन होता. तोच कोट, तीच टोपी, दंडावर तीच पट्टी. त्याला कुणी कापलं? पेपरवाल्यांनी की तू? दोघं शेजारी दिसले असते तर तिकडच्या लोकांनी दोष नक्की कुणाला दिला असता रे?

तू तेव्हा लहान होतास, म्हणून सांगते. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीच्या शाळेतला अख्खा वर्ग एकदम म्युनिकबाहेर तोफांवर बोलावला. घरोघरी हुकूम आले. "जमेल का?" असं त्यात विचारलेलं नव्हतं. आपले बाबा आणि गिरणीवाले राइटमायर, दोघांनी आपापला मुलगा एकाच बैलगाडीतून स्टेशनवर सोडला. कॉर्बी वाटभर रडत होता आणि सेवेरिन त्याला चिडवत होता.

आता तोच कॉर्बी मे महिन्यात बिशप होणार. गावाने कमान उभारायची तयारी चालवली होती, तेवढ्यात तुझा बॉम्ब पडला. म्युनिकहून दोन वार्ताहर आले, बिअर पीत विंकलरच्या खाणावळीत बसले. विंकलर माजी सैनिकांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे, तुला आठवत असेल. मी आईसाठी सूप घ्यायला गेले तर सगळ्यांदेखत म्हणाला, "बुर्गी, तुझ्या कॅनडावाल्याला सांग, आमचे मेलेले आहेत त्यांना सुखाने झोपू दे. आणि तुमचा पोरगा काही लढताना मेलेला नाही. पळताना मेलाय."

मी भांडं पुढे केलं आणि म्हटलं, "दोन डाव घाल. आईला भूक आहे." थेंबही न सांडता घरी आणलं.

आईला यातलं काही माहीत नाही. पेपर मी चुलीत घालते.

बुर्गी


मोसरॉइट, ३ एप्रिल १९७४

ग्रेगोर,

तुझा फोन पोस्टात आला तेव्हा समोर तीन माणसं उभी होती, म्हणून मी नुसतं "हो", "नाही" करत होते. रागावून ठेवला नाही. आता नीट उत्तर देते.

नाही. टीव्हीवाल्यांशी मी बोलणार नाही. तुझं तिकीट ते काढोत किंवा न काढोत. तुला यायचं असेल तर घरी ये, कॅमेरा घेऊन येऊ नकोस.

पण मी त्यांच्या बाजूची आहे असंही समजू नकोस. काल काय झालं ते ऐक.

बिशपच्या कचेरीतून फादर डीटल म्हणून कुणी आले. तरुण आहेत, नखं स्वच्छ, बोलणं लोण्यासारखं. आई परसात कोंबड्यांपाशी होती. त्यांनी टेबलावर एक टाइप केलेला कागद ठेवला.

"फ्रॉइलाइन एस्टनर, फक्त एक सही. नव्या बिशपांबद्दल तुमच्या कुटुंबाच्या मनात काही किल्मिष नाही, एवढंच आहे."

मी चष्मा लावून वाचलं. पहिली वाक्यं ठीक होती. मग लिहिलं होतं, 'त्या काळात या वयाच्या कुणालाच नकार देणं शक्य नव्हतं.'

"हे काढा," मी म्हटलं.

"कोणतं?"

"कुणालाच."

"अहो, ही फक्त बोलायची पद्धत. बिशपमहाशय स्वतः प्रवचनात हेच वाक्य वापरतात. गेली कितीतरी वर्षं."

"मला माहीत आहे. रेडिओवर ऐकलंय. ऑर्गन वाजवणारी बाई आहे मी, कान शाबूत आहेत. आमचा सेवेरिन सतरा वर्षांचा होता. एप्रिल महिन्यात एका पहाटे त्याने बंदूक खंदकात ठेवली आणि घरची वाट धरली. आयशेत गावापाशी लष्करी पोलिसांनी धरला आणि दूधडेपोजवळच्या नासपतीच्या झाडाला टांगला. गळ्यात पाटी, 'मी भेकड आहे.' शक्य नव्हतं म्हणता? मग त्याने काय केलं? झोपेत चालत आला का?"

डीटल गोरेमोरे झाले. म्हणाले, "तो अपवाद होता."

"मग अपवाद लिहा."

"तसं लिहिलं तर लोक विचारतील, मग बाकीच्यांनी का नाही केलं?"

"विचारू देत की."

कागदाची घडी करून ते गेले. कॉफीला हातही लावला नाही.

माझं म्हणणं तुला कळतंय का ग्रेगोर? सोळा वर्षांच्या कॉर्बीने तो कोट घातला याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. ते लचांड सगळ्यांच्या गळ्यात होतं. तूसुद्धा खाकी शर्ट घालून ढोल वाजवत गावातून फिरायचास, आणि तो शर्ट आईच इस्त्री करायची. अमेरिकन आल्यावर बाबांनी तो जाळला तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास. मी तुला कधी नाझी म्हटलं? बारा वर्षांचा होतास.

मला टोचतं ते शेहेचाळीस वर्षांच्या माणसाचं वाक्य. कुणालाच शक्य नव्हतं म्हटलं की आपला भाऊ कधी नव्हताच असं होतं. गावातल्या युद्धस्मारकाच्या दगडावर त्याचं नाव नाहीच. निदान वाक्यातून तरी त्याला पुसू नका.

बाबांनी त्याचं नाव घरात बंद केलं, त्यावरून तू घर सोडलंस. मला तेव्हाही वाटलं होतं की तुझं बरोबर आहे. पण आईला सोडून मी कुठे जाणार होते?

बुर्गी


मोसरॉइट, २५ एप्रिल १९७४

प्रिय ग्रेगोर,

हे लिहावं की नाही यात तीन दिवस गेले. कॉर्बी घरी आला होता.

ईस्टर झाल्यावर आठवड्याने, सोमवारी दुपारी परसदारी टकटक झाली. त्याच दाराने तो लहानपणी सेवेरिनला हाका मारायला यायचा. गाडी गिरणीपाशी ठेवून शेतातून चालत आला होता, बुटांना चिखल. साधा काळा कोट. केस विरळ झालेत, कान अजून तसेच.

"बुर्गी, येऊ का?"

मी दारातच उभी राहिले. "सही घ्यायला आलास?"

"नाही. तो कागद मी फाडला. डीटलना मी पाठवलं नव्हतं, पण थांबवलंही नव्हतं. त्यामुळे माझाच म्हण."

आत आई खिडकीशी बटाटे सोलत होती. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आत घे त्याला. पेपर तू चुलीत घालतेस, पण डॉक्टरांकडे बाकावर पडलेले असतातच." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. महिनाभर मी वेड्यासारखी राख उपसत होते.

तो टेबलाशी बसला. आईने सुरी खाली ठेवली नाही. बटाटा सोलता सोलता तिने विचारलं, "तू तिथे होतास?"

"होतो."

"सगळं सांग. तिखटमीठ लावू नकोस आणि काही गाळूही नकोस."

मग त्याने सांगितलं. तोफांवरून काढून त्या पोरांना नदीकाठी खंदक खणायला आणलं होतं. अमेरिकन तोफा ऐकू येत होत्या. सेवेरिन त्याच्या शेजारी झोपायचा. त्या पहाटे त्याने कॉर्बीला हलवून उठवलं. "चल. जंगलाच्या कडेने गेलं की संध्याकाळपर्यंत घरी." कॉर्बी म्हणाला, मी येत नाही. सेवेरिन म्हणाला, "अरे, इथे थांबूनही मरशील." कॉर्बी म्हणाला, इथे मेलो तर घरच्यांना त्रास होणार नाही. सेवेरिन जरा थांबला, मग म्हणाला, "बरं. माझं कांबळं तुला." आणि गेला.

"सार्जंटने सकाळी विचारलं, कुणाला माहीत होतं? मी म्हटलं, मी झोपलो होतो."

"म्हणजे तो कुठल्या वाटेने गेला ते तू सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"नाही. पण ते त्याच्यासाठी नव्हतं, बुर्गी. मला माझीच भीती होती."

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांना रांगेने आयशेतला नेलं, बघायला. सेवेरिन एका गाडीशेजारी उभा होता, हात मागे बांधलेले. रांग त्याच्या अगदी जवळून गेली. त्याने कॉर्बीला पाहिलं. ओळख दाखवली नाही. कॉर्बीला वाटतं, मुद्दामच दाखवली नाही.

बटाट्याची साल आईच्या हातून एकसंध लोंबत होती. मग तिने विचारलं,

"जेवला होता का तो?"

ग्रेगोर, त्या माणसाला खोटं बोलणं किती सोपं होतं! हो आई, म्हणाला असता तर कोण तपासणार होतं? मला तर मनातून वाटत होतं, म्हण रे बाबा, हो म्हण.

तो म्हणाला, "नाही. आदल्या दिवसापासून काही दिलं नव्हतं, असं तिथला पहारेकरी म्हणत होता. माझ्या खिशात पाव होता. हात पुढे केला असता तर पोचला असता. मी केला नाही."

"का?"

"सार्जंट बघत होता."

आईने सुरी ठेवली, हात पुसले. "म्हणजे पोर उपाशी गेलं," एवढं म्हणाली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

कॉर्बी रडला नाही. मला वाटतं, रडायची आपली लायकी नाही असं त्याला वाटत असावं. मी त्याचा कोट उचलून दिला. दारात त्याला म्हटलं, "तू तेव्हा पोरगा होतास. मी तुला त्यावरून तोलत नाही. पण आता पोरगा नाहीस. 'कुणालाच शक्य नव्हतं' हे वाक्य तुझ्या तोंडी आलं ना, की तू परत एकदा खिशातला हात खिशातच ठेवतोस."

"जूनमध्ये मी इथे येणार आहे, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून दृढीकरणाची मिस्सा करायला," तो म्हणाला. "त्या देवळात बसलेला पन्नाशीचा प्रत्येक पुरुष ते वाक्य धरून जगतोय. मी ते काढून घेतलं तर त्यांच्याकडे काय उरेल?"

"ते मला विचारू नकोस. धर्मगुरू तू आहेस."

कसलाही शब्द न देता तो शेतातून निघून गेला.

तू म्हणशील, बघ, स्वतःच्या तोंडाने कबुली दिली, आता छापू दे. नको. तो आईपाशी बोललाय, वर्तमानपत्राशी नाही. हे पत्र तू पेपरात दिलंस तर मी तुझी बहीण नाही. धमकी म्हण हवं तर.

आई तेव्हापासून माझ्याशी धड बोललेली नाही. पाव कापते आणि तसाच ठेवून देते.

बुर्गी


मोसरॉइट, १८ जून १९७४

प्रिय ग्रेगोर,

तुझ्या ओळी मिळाल्या. "तो काही बोलणार नाही, बुर्गी, पैज लाव." मीही तेच धरून चालले होते. ऑर्गन वाजवणार नाही असं मी आपल्या गावच्या फादरांना कळवूनसुद्धा टाकलं होतं. मग आईच म्हणाली, "वाजव. पोरांचं दृढीकरण आहे, त्यांचा काय दोष? आणि वर बसलीस म्हणजे तुला सगळ्यांची तोंडं दिसतील. मला येऊन सांग."

ती स्वतः यायची नव्हती. पण नऊ तारखेला, रविवारी, काळा झगा घालून तयार होऊन बसली होती.

देऊळ गच्च भरलेलं. पुढे पांढऱ्या कपड्यातली पोरं, मागे त्यांचे आईबाप, डावीकडे माजी सैनिकांचं मंडळ, झेंडा आणि पदकांसकट. विंकलर सगळ्यात पुढे. बाहेर बँड थांबलेला, दुपारच्या मिरवणुकीसाठी. वरच्या सज्ज्यातून मला ऑर्गनवरच्या आरशात वेदी दिसते. कॉर्बी प्रवचनाला उभा राहिला. हातात कागद होते. ते त्याने वाचलेच नाहीत. आधी पोरांशी बोलला, धीर म्हणजे काय वगैरे, नेहमीचं. मला वाटलं, झालं, तू पैज जिंकलास.

मग म्हणाला, "मी बरीच वर्षं एक वाक्य बोलत आलोय. आमच्या काळात नाही म्हणणं कुणालाच शक्य नव्हतं. ते खरं नाही. कठीण होतं. जिवावरचं होतं. पण शक्य होतं. मला माहीत आहे, कारण ज्याने ते केलं तो माझ्या शेजारी झोपायचा. या गावचा होता. सेवेरिन एस्टनर. त्याने मलाही हाक मारली होती. मी गेलो नाही, कारण मी घाबरलो. त्याला मारताना मी रांगेत उभा राहून बघितलं. जे घाबरले त्यांना देव क्षमा करतो, यावर माझा विश्वास आहे, नाहीतर मी इथे उभाच राहू शकलो नसतो. पण क्षमा मिळावी म्हणून, जो घाबरला नाही तो नव्हताच, असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही."

मग विंकलर उठला. बाकाचा आवाज बंदुकीसारखा झाला. "उद्या आम्हालाच खुनी म्हणा!" तो मोठ्यांदा म्हणाला, झेंडा उचलला आणि मधल्या वाटेने बाहेर पडला. त्याच्यामागे एकेक करत अर्धी डावी बाजू. काही बायका नवऱ्यांकडे बघत बसूनच राहिल्या. म्हातारा सुतार ग्शवेन्ड उठला, दोन पावलं गेला, परत येऊन बसला आणि टोपीत तोंड घालून रडायला लागला.

आता ऑर्गन सुरू करायचा होता. माझी बोटं पट्ट्यांवर होती आणि काय वाजवायचं तेच आठवेना. शेवटी पोरांपैकी एकाने खालूनच गायला सुरुवात केली, बेसूर. मी त्याच्यामागून गेले.

मिरवणूक झाली नाही. बँडने वाद्यं पेटीत घातली. कमान विंकलरच्या माणसांनी जेवणाआधीच उतरवली. म्युनिकच्या पेपरात आता एका बाजूला लिहून येतंय की ज्याने गणवेश घातला त्याने राजीनामा द्यावा, आणि दुसऱ्या बाजूला की ज्याने शहीद जवानांना डाग लावला त्याने द्यावा. डीटलचा मला फोन आला होता. आवाजातलं लोणी गेलंय. म्हणाले, रोज पोत्याने शिव्या येतात.

आणि आमचं? बेकरीवाली मला बघून दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवते. पण काल विंकलरची बायको रोझीना परसदाराने अंडी न्यायला आली. तिच्या स्वतःच्या कोंबड्या आहेत. एप्रनच्या टोकाशी चाळा करत उभी राहिली आणि म्हणाली, "बुर्गी, आमचे हे आयशेतला होते का गं तेव्हा? मी विचारलं तर ताट भिरकावलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता." मला माहीत नाही असं मी सांगितलं, आणि खरंच माहीत नाही. ती बसली थोडा वेळ. अंडी न घेताच गेली.

आता आईचं. मिस्सा संपल्यावर ती बाकावरून उठली नाही. देऊळ रिकामं झालं. कॉर्बी झगा उतरवून तिच्यापाशी आला आणि फरशीवर गुडघे टेकले. "आई, मला क्षमा कर."

मी जिन्यात थबकले. तुझी शपथ, ती काय म्हणेल याचा मला अंदाज नव्हता.

ती म्हणाली, "ऊठ, फरशी गार आहे. क्षमा माझ्या हातात नाही. ज्याच्या हातात होती तो गेला. देवाचं तू आणि देव बघा." मग जरा थांबून म्हणाली, "दुपारी तुला कुणी जेवायला घालणार नाही इथे. घरी चल."

गावाच्या मधल्या रस्त्याने आम्ही तिघं चालत आलो. पडदे हलत होते. आईने त्याच्या कोपराला धरलं होतं, आधार म्हणून की लोकांना दिसावं म्हणून, ठाऊक नाही. घरी मी सूप वाढलं. तो मान खाली घालून जेवत होता. आईने पुढ्यातला पाव त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाली, "शेवटचं तू सांगितलंस. आता आधीचं सांग. तोफांवर होता वर्षभर, मला त्याचं काहीच माहीत नाही. हसायचा का तिथे?"

"हसायचा?" कॉर्बी म्हणाला. "आई, त्याच्यामुळे आम्हाला तीनदा शिक्षा झाली. सार्जंटला शिंक आली की तो आधी डोळे मिटून, नाक वर करून, अर्धं मिनिट थांबायचा. सेवेरिन मागे उभा राहून तस्सं करायचा. एकदा तपासणीला जनरल आला आणि सार्जंटची शिंक अडकली..."

आणि बिशपने, ग्रेगोर, चमचा खाली ठेवून, नाक वर करून, करून दाखवलं. अगदी सेवेरिनसारखं. सेवेरिन बाबांची नक्कल करायचा तेव्हा असाच दिसायचा. मी सूपचं भांडं हातात घेऊन तशीच उभी.

आई हसली. आधी नुसता श्वास अडकल्यासारखा आवाज आला, मला वाटलं काही होतंय. मग टेबलावर हात आपटून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "अजून एक सांग," म्हणाली. तो अंधार पडेपर्यंत सांगत होता.

तू विचारशील, मी त्याला माफ केलं का. नाही सांगता येत. सकाळी उठते तेव्हा केलेलं नसतं. पण त्याच्याजवळ आपल्या भावाचं एक अख्खं वर्ष आहे आणि ते तो द्यायला लागलाय. तुझ्याकडेही काही असेल. तुला पोहायला त्यानेच शिकवलं, मला काठावर येऊ दिलं नव्हतं तुम्ही. आईला त्यातलं काही माहीत नाही.

ती आतून ओरडतेय, काय लिहितेस एवढं, म्हणून. ग्रेगोरला, म्हटलं. तर म्हणाली, "त्याला म्हणावं, ये. आणि गोष्टी घेऊन ये, हात हलवत येऊ नकोस."

तुझी
बुर्गी